डावा नळ

मंगळवार, ४ मार्च २०२५. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे.

या वेळी मी स्टराइल रूमच्या सिंकपाशी उभा राहून एका कात्रीच्या सांध्यात वाळलेलं रक्त दात घासायच्या ब्रशने काढत होतो. ऑपरेशन सकाळी झालं होतं आणि ट्रे कोणीतरी तसाच झाकून ठेवला होता. झाकण उघडलं तेव्हा जो वास आला तो लिहीत नाही. तेवढ्यात मोठ्या सिस्टर दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे कसलं सर्टिफिकेट आहे का रे?"

"नववी नापास," मी म्हणालो.

"नापासाचं पण देतात का?" कापडाच्या घड्या घालणारी मावशी हसली.

सिस्टर हसल्या नाहीत. या विभागात टेक्निशियनची एक कायमची जागा निघते आहे. महिना दीड महिन्यात भरायची आहे. निर्जंतुकीकरणाचा कोर्स केल्याचा कागद हवा. ज्याच्याकडे कागद असेल तो कायम, एजन्सीची बाकी माणसं परत फरशीवर. सिस्टर म्हणाल्या, "मोफत कोर्स आहे, ऑनलाइन. आपल्या भाषेतसुद्धा आहे. लाखो लोक करतात. तू कर."

फरशीवरूनच मी तीन वर्षांपूर्वी सिंकपाशी आलो. पोछा मारायची लाज नाही, पण त्या बादलीची मला शिसारी आहे. संडासाच्या बोळात फिरवलेलं पाणीच वॉर्डात फिरवतात, आणि बोललं की "तू फार शहाणा" म्हणतात. मला परत त्या बादलीत हात घालायचा नाही. बास. एवढंच कारण आहे. ज्ञानाची वगैरे हौस म्हणून नाही.

रविवार, ९ मार्च

दादाच्या दुकानात जाऊन नाव नोंदवलं. दादा माझा सख्खा भाऊ. जिन्याखाली त्याचं झेरॉक्सचं, फोटोचं आणि फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. माझ्या फोनची काच तडकलेली आहे, बारीक अक्षर नीट दिसत नाही, म्हणून त्याच्या कॉम्प्युटरवर बसलो.

पहिल्याच पानावर एका उघड्या दाराचं चित्र आणि खाली, "ज्ञान सर्वांसाठी खुलं." दारातून आत गेल्यावर कळलं, की व्हिडिओ मोफत आहेत, प्रमाणपत्राला २४०० पडतात.

"म्हणजे जेवण फुकट, ताटाचे पैसे," दादा म्हणाला. मग स्वतःच भरले. "फेडशील सावकाश, बारक्या. टेक्निशियनसाहेब झालास की."

व्हिडिओत एक वयस्कर बाई शिकवतात. केस पांढरे, बाह्या कोपराच्या वर, आणि बोलताना सतत हात पुसतात. पहिल्याच धड्यात त्या म्हणाल्या, रक्त लागलेल्या वस्तूवर आधी थंड पाणी सोडा. गरम पाण्याने रक्त शिजतं आणि धातूला धरून बसतं.

मी उठूनच उभा राहिलो. आमच्या सिंकला दोन नळ आहेत, उजवा थंड पाण्याचा, डावा गरम. डावा दोन वर्षं तुटका आहे. फिरवला की मुंडी हातात येते आणि पाणी थेट छातीवर. मी तेरा वेळा तक्रार लिहून दिली. प्लंबर "बघू" म्हणतो. नाइलाजाने मी सगळं थंड पाण्यानेच धुवायला घेतो, साबणापुरतं कोमट पाणी किटलीतून आणतो, आणि मनातून स्वतःला घाणेरडा समजत असतो. म्हणजे तुटक्या नळानेच माझ्याकडून बरोबर काम करून घेतलं! बाईंचा धडा मी तीनदा पाहिला.

शनिवार, १५ मार्च

बाईंना एक प्रश्न विचारला होता. कात्री उघडून पॅक करायची हे कळलं, पण उघड्या कात्रीचं टोक कापडाला भोक पाडतं, त्याला काय करावं? चर्चेच्या पानावर नीट लिहिला. शुद्धलेखन दोनदा तपासलं.

पहिलं उत्तर क्षणात आलं. "उत्तम प्रश्न! इतर शिकणाऱ्यांची मतं जाणून घ्या." ते यंत्राचं असावं. नंतर इतर शिकणाऱ्यांची मतं आली. चौघांनी लिहिलं, "मलाही हाच प्रश्न आहे." एकाने मोबाइलची कव्हरं विकायला ठेवली. बाईंचं काही नाही. आज धडा थांबवून निरखून पाहिलं, त्यांच्या मागे भिंतीवर कॅलेंडर आहे. आठ वर्षांपूर्वीचं. म्हणजे मी आठ वर्षांपूर्वीच्या बाईंना प्रश्न विचारतो आहे. त्यांचे ते हात आता कुठे असतील कोण जाणे.

शेवटी टोकाला रबरी नळीचा तुकडा घालून पाहिला. भोक पडत नाही. मावशी म्हणाली, "हे मला विचारलं असतंस तर. मी सुयांना घालते."

दुकानात बाकावर एक जण बसला होता. गॉगल डोक्यावर, आणि आतल्या अंधारात तो तिथे कशाला हवा कोण जाणे. दादाला म्हणत होता, "माझं कुठवर आलंय?" दादाने त्याला डोळ्याने खुणावलं आणि मला चहा सांगितला. हा गॉगल म्हणजे आम्हाला कामाला लावणाऱ्या एजन्सीवाल्या मामांचा भाचा. हॉस्पिटलच्या गेटवर मोटारसायकल आडवी लावतो तोच. कसलासा फॉर्म असेल.

मंगळवार, १८ मार्च

या कोर्सचा कणा म्हणजे एक लेखी उत्तर. "तुमच्या कामाच्या जागी एखादी वापरलेली वस्तू हाती आल्यापासून पॅक होईपर्यंत तुम्ही काय करता, ते क्रमाने लिहा." वीस गुण. चौदा मिळाले तर पास. तपासणारे शिक्षक नाहीत, शिकणारेच एकमेकांचे तपासतात. प्रत्येकाने तिघांचे तपासायचे, नाव दिसत नाही. आधी चांगलं वाटलं. मला ज्यांनी नापास केलं त्या मास्तरांनी माझा पेपर वाचला होता की नाही, याची शंका अजून आहे.

उत्तर कागदावर लिहिलं, चार वेळा फाडलं, पाचव्यांदा जमलं. मी खोटं काही लिहिलं नाही. डाव्या नळाचंही लिहिलं. मुंडी, छातीवर पाणी, किटली, सगळं. वहिनी टाइप करून देते आहे, तिचा हात भराभर चालतो.

दादा किती आस्थेने विचारतो! "झालं का तुझं? लवकर दे रे, लोक थांबलेत... म्हणजे मी थांबलोय." एवढी आपुलकी त्याने मी नववीत असताना दाखवली असती तर.

सोमवार, २४ मार्च

टाइप झालेलं वाचलं. दोन वाक्यं पटेनात. "घासावे" नको, किती वेळ घासावे ते हवं. वहिनीला म्हटलं, आज पाठवायचं नाही, अजून सुधारतो. मुदत एकतीसपर्यंत आहे.

"सुधार, सुधार," दादा म्हणाला. "पण आधीचा कागद इथेच ठेवून जा."

दुकानात दोन नव्या खुर्च्या आल्या आहेत. धंदा बरा चाललेला दिसतो.

सोमवार, ३१ मार्च

आज उत्तर पाठवलं. शेवटच्या दिवशी, पण एकही चूक नाही. वहिनी म्हणाली, "भाऊजी, एवढं तर लोक लग्नाची पत्रिकासुद्धा वाचत नाहीत."

बुधवार, २ एप्रिल

आज तिघांचे पेपर तपासले. काय लिहू? उकिरडा.

पहिला पेपर म्हणजे एक पूर्णविराम. फक्त पूर्णविराम. यंत्राला रिकामं चालत नाही म्हणून टिंब दिलेलं. मी शून्य दिलं. आधीच्या दोघांनी वीस दिलेले होते! दुसरा पेपर असा: "भावा फुल मार्क दे, माझं लग्न ठरलंय, तुझंही होईल." शून्य. मग पडद्यावर सूचना आली, "तुमचे गुण इतरांपेक्षा बरेच कमी आहेत. सहाध्यायींशी उदार राहा." हे उदार! हीच माणसं उद्या कुणाच्या तरी पोटात जाणारे चिमटे धुणार, आणि त्या चिमट्यांवरसुद्धा पूर्णविरामच देणार.

तिसरा उघडला आणि चकित झालो. भाषा माझ्यापेक्षा वेगळी, जरा मऊ, पण डोकं माझ्यासारखं. आधी थंड पाणी, मग कोमट, सांधा उघडून ब्रश, ब्रश किती वेळ तेही. आणि पुढे, "आमच्या सिंकचा डावा नळ बिघडला असल्याने कोमट पाणी किटलीतून आणावे लागते." माझ्या अंगावर काटा आला. जगात कुठेतरी असाच एक माणूस अशाच एका सिंकपाशी उभा आहे आणि त्याचाही प्लंबर "बघू" म्हणतो. वीसपैकी वीस दिले. आयुष्यात कुणाला पैकीच्या पैकी द्यायची ही पहिलीच वेळ. शेऱ्यात लिहिलं, "मित्रा, तुमचाही डावा नळ तुटका? धीर सोडू नका."

आज बरं वाटलं.

शुक्रवार, ४ एप्रिल

जास्तीचे पेपर तपासणाऱ्याला यंत्र शाबासकीचा तारा देतं. ताऱ्यासाठी नाही, पण तो मित्र पुन्हा भेटतो का पाहायला आणखी पाच तपासले. दोघांकडे डावा नळ नादुरुस्त! एक तर दातांच्या दवाखान्यातला. हे सगळे नळ एकाच कंपनीचे असणार. निकृष्ट माल दवाखान्यांच्या गळ्यात मारतात आणि मुंड्या आमच्या हातात येतात. किळस येते या खरेदीवाल्यांची. सोमवारी प्लंबरला सांगणार आहे.

सोमवार, ७ एप्रिल

प्लंबरला सांगायची गरज उरली नाही.

दुपारी फोनवर निरोप आला. "तुमचे उत्तर आपल्या आधी दाखल झालेल्या अकरा उत्तरांशी जुळते. नक्कल केल्याबद्दल गुण: शून्य." तडकलेल्या काचेतून तीनदा वाचलं. मग एप्रन तसाच ठेवून दुकानात गेलो.

वहिनी टाइप करत होती. कॉम्प्युटरशेजारी माझा कागद चिमट्याला लावलेला. माझं अक्षर मला ओळखता येतं.

"दादा, हे काय?"

"ओरडू नकोस. गिऱ्हाइक आहे."

गिऱ्हाइक उठून गेलं. दादाने शटर अर्धं ओढलं.

"हे बघ बारक्या, लोकांना कागद हवाय. कोर्स मोफत आहे, पण बसायला वेळ कोणाला आहे? कोणी रात्रपाळीला, कोणाला वाचता येत नाही. मी अडल्यानडल्याची सोय केली."

"माझ्या उत्तराने?"

"मग काय माझ्या? मला त्यातलं काय कळतं? अकरा जण मार्गी लागले. पुण्य आहे ते."

"भाऊजी, मी प्रत्येकाचं वेगळं लिहिलं हो," वहिनी म्हणाली. खरोखर कळवळून. "एकाला 'बिघडलेला' घातलं, एकाला 'नादुरुस्त', एकाला 'नीट न चालणारा'. त्यातही मेहनत आहे."

"पण नळ कशाला ठेवला, वहिनी?"

"मला वाटलं ते कोर्समधलंच आहे. आधी थंड पाणी, डावा नळ तुटका, मग किटली. माझं पाठच झालं होतं."

मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असतं तर. शब्द बदलल्यामुळे ते अकरा एकमेकांशी जुळले नाहीत, माझ्याशी मात्र सगळे जुळले. मी लवकर पाठवलं असतं तर ते अकरा नकलाकार ठरले असते. मी सुधारत बसलो म्हणून नकलाकार मी.

"आणि तू भरलेले माझे चोवीसशे?" मी विचारलं.

दादाने बाहेर पाहिलं. "ते याच्यातूनच भरून काढले. तुझ्यासाठीच चालू केलं होतं आधी. पहिल्या दोघांकडून तुझी फी निघाली. मग लोक येतच राहिले." आणि मग म्हणाला, "म्हणून ते फिटले समज."

घरी आलो. हात कोपरापर्यंत धुतले. माझ्या ताटात अकरा जण जेवून गेले आणि खरकटं माझ्यापुढे सरकवून म्हणतात, उष्टं तू केलंस.

मंगळवार, ८ एप्रिल

दाद मागायचा अर्ज असतो. भरला. मूळ कागदांचे फोटो जोडले, फाडलेले चार चिकटवून. एक तारांकित रकाना होता, "तुमचे उत्तर आणखी कोणाच्या हाती होते?" रिकामा ठेवला तर यंत्र पुढे जाऊ देत नाही. दादाचं दुकान लिहिलं तर तिथून भरलेले सगळे बाद. अकराही जण त्याच्या शटरपाशी उभे राहतील, आणि आईचं औषध त्याच दुकानाच्या कमाईतून येतं. न लिहावं तर मी नकलाकार. एक टिंब द्यावं का, असंही मनात आलं. त्या पूर्णविरामवाल्याची आठवण होऊन स्वतःचाच वीट आला. बराच वेळ बसून लिहिलं, "घरचा माणूस."

पाठवला आणि चहाचा कप धुऊन येईपर्यंत उत्तर आलं. "आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला. उत्तर दुसऱ्याच्या हाती देणे हाही नियमभंग आहे. शिकत राहा!"

उद्गारचिन्ह त्यांचं आहे.

शनिवार, १२ एप्रिल

मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं. दादाचं सोडून. म्हणजे जे सांगितलं त्याला काही अर्थ उरला नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या हातात कागद दे, मी भांडते. कागद नाही तर मी कशावर भांडू?" त्यांचंही खोटं नाही.

अर्ज एकच आला आहे म्हणे, कागदासकट. कोणाचा, ते मावशीने सांगितलं. "तो गं... रे, तो गॉगलवाला."

सोमवार, २१ एप्रिल

गॉगल आज टेक्निशियन म्हणून रुजू झाला. सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याला महिनाभर शिकव. तेवढे दिवस तुला सिंकपाशी ठेवते. पुढे बघू." यांनाही प्लंबरचा शब्द लागला.

गॉगल तसा वाईट नाही. येतानाच सगळ्यांना पेढ्यासारखं हसू वाटत आला. "बॉस, मला यातलं काही येत नाही हां, आधीच सांगतो. मशीन मारतंय ना सगळं?"

"मशीन जंतू मारतं," मी म्हणालो. "घाण काढत नाही. घाणीच्या आड जंतू बसतो, तिथे वाफ पोचत नाही."

"बाप रे. कोर्समध्ये होतं का हे?"

"दुसऱ्या धड्यात."

मग त्याने खिशातून फोन काढून कौतुकाने त्याचे गुण दाखवले. "काठावर सुटलो बघ. दोघांनी अकरा-अकरा दिले. हरामखोर. एकाने वीसला वीस, त्यानेच तारलं. चौदा सरासरी झाली. पण कोण वेडा होता काय माहीत, शेरा बघ काय मारलाय." आणि त्याने मोठ्याने वाचून दाखवलं, "मित्रा, तुमचाही डावा नळ तुटका? धीर सोडू नका." मावशीकडे वळून म्हणाला, "म्हणजे काय असेल गं, मावशी? काही म्हण आहे का?"

मावशी म्हणाली, "असेल बाबा. शिकलेल्यांचं आपल्याला काय कळतंय?"

माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. मी त्याला नुसतं सिंककडे बोट दाखवलं, की सुरुवात कर. तो बाह्या सावरत पुढे गेला, ट्रे सिंकमध्ये ठेवला आणि डावा नळ फिरवला.

मुंडी त्याच्या हातात आली. पाणी छातीवर, गॉगलवर, छतापर्यंत. "अरे, हा तुटकाय! सांगायचं नाही का?" तो ओरडत होता. खाली वाकून मेन कॉक बंद केला तो मीच.

काय सांगणार होतो? त्यानेच लिहून दिलं होतं.

गुरुवार, २४ एप्रिल

प्लंबर आला. तेरा तक्रारींनी जे झालं नाही ते टेक्निशियनसाहेबांच्या एका ओल्या शर्टाने झालं. मामांनी वरती फोन केला म्हणे. डावा नळ बदलला. चकचकीत आहे, एका बोटाने फिरतो, वाफाळतं पाणी देतो.

आता माझं उत्तर माझंही खरं राहिलं नाही.

गॉगल आल्या आल्या तोच नळ सोडतो. हाताला बरं वाटतं म्हणतो. मी दोनदा अडवलं, तिसऱ्यांदा म्हणाला, "राहू दे ना बॉस, गरम पाण्याने स्वच्छच होतं, लहान पोराला विचार." आज सकाळच्या ऑपरेशनच्या सगळ्या कात्र्या त्याने गरम पाण्याखाली धरल्या. रक्त शिजलं, तपकिरी होऊन सांध्यांत बसलं. तो सही करून जेवायला गेला. मी ट्रे परत काढला, ब्रश घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं. मावशीने घड्या बाजूला ठेवल्या, दुसरा ब्रश घेतला आणि शेजारी उभी राहिली.

मोफत कोर्सचा हिशेब, आजअखेर:

प्रमाणपत्राची फी: २४००. परत मिळत नाही.
कागद, पेन, डिंक: ६५.
फोनचं नेट: ३००.
रबरी नळी, कात्र्यांच्या टोकांसाठी: ४०.
मऊ ब्रश दोन, आज आणले. एक मावशीसाठी: ९०.
एकूण खर्च: २८९५.

देणे: दादाला २४००. तो फिटले म्हणतो. मी पगारातून दर महिन्याला दोनशे देणार, आणि त्याने ते मोजून घ्यायचे.

येणे: काही नाही.